शिकवणाऱ्याचं ताट

मुलांना आहाराविषयी काही शिकवायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतो तो भिंतीवरचा तक्ता. त्यावर लालबुंद सफरचंद असतं, द्राक्षांचा घोस असतो, काचेच्या पेल्यात काठोकाठ दूध असतं. तक्ता छापणाऱ्याची दानत चांगली असते, यात शंका नाही. पण जिथं आई सकाळीच दुसऱ्याच्या रानात खुरपायला निघून जाते आणि पोरगं कोऱ्या चहात खारी बुडवून शाळेची वाट धरतं, तिथं त्या तक्त्याकडे बघून मूल एवढंच शिकतं, की चांगलं अन्न म्हणजे आपल्या घरात नसलेलं अन्न.

मी पिंगळीचा. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे आमचं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि पूर्वीपेक्षा बरीच कमी झालेली ज्वारी. मी आहारतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. गावातली मुलं-मुली कवितेच्या, वाचनाच्या निमित्तानं माझ्याकडे येतात, बसतात. त्यांच्यापैकी आठवी ते अकरावीच्या बारा जणांना हाताशी धरून, दिवाळीच्या सुट्टीत पहिली-दुसरीच्या लेकरांना खाण्यापिण्याविषयी चार गोष्टी शिकवायच्या असं आम्ही ठरवलं. शास्त्राची बाजू अंगणवाडीताईंनी आणि आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी तपासून द्यायची, भाषेची बाजू मी बघायची, आणि शिकवायचं मात्र मुलांनीच. ते शिकवणं चार-पाच सकाळींचं होतं. त्याची तयारी करायला त्याहून जास्त संध्याकाळी लागल्या. मला आज सांगायचं आहे ते त्या तयारीविषयी.

मोठ्या मुलानं लहान मुलाला शिकवावं ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. मशिदीतल्या मकतबमध्ये मी लहानपणी बसलो आहे. मौलवीसाहेब एकटे आणि पोरं चाळीस. मग मोठी मुलं लहानांचा सबक ऐकायची, चुकलं तर दुरुस्त करायची. जुन्या पंतोजींच्या शाळेतही वरची मुलं खालच्यांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. आरोग्याच्या बाबतीत मात्र या पद्धतीचा पद्धतशीर विचार झाला तो १९७८ च्या सुमाराला. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं. त्याच्या तयारीत लंडनमध्ये डॉ. डेव्हिड मोर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी ‘चाइल्ड टू चाइल्ड’, म्हणजे मुलांकडून मुलांकडे, असा उपक्रम उभा केला. गरीब देशांत धाकट्या भावंडांना सांभाळण्याचं काम थोरली भावंडंच करतात, मग आरोग्याचं ज्ञान त्यांनाच का देऊ नये, हा त्यामागचा साधा सवाल. आपल्याकडे मुंबईच्या मालवणी वस्तीत डॉ. भालेराव यांनी शाळकरी मुलांना घरातले आरोग्याचे पुढारी मानून काम केलं आणि त्याविषयी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात लिहिलं. त्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवून दाखवलं होतं. सरकारनंही ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला तेव्हा त्यात गावातलेच दोन मुलगे आणि दोन मुली निवडून त्यांना ‘साथिया’ करण्याची कल्पना होती. म्हणजे वाट मळलेली आहे. ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आणायची असते, इतकंच.

आपल्याला वाटेल, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांवर ही जबाबदारी कशाला? पण कोणत्याही गल्लीत दुपारी जाऊन बघा. आई कापूस वेचायला गेलेली असते. कडेवर भावाला घेऊन उभी असलेली, त्याला भाकरीचा कुस्करा भरवणारी, तो रडला की पाच रुपये देऊन दुकानात पाठवणारी कोण असते? बारा-तेरा वर्षांची बहीण. लहान लेकराच्या पोटात दिवसभरात काय जातं, याचे निम्मे निर्णय ती आजही घेतेच आहे. आपण तिला नवं काम देत नाही. जे काम ती करते आहे, त्यासाठी तिला थोडी माहिती देतो आणि थोडा मान देतो.

तयारीच्या पहिल्या संध्याकाळी तक्ता नाही, पुस्तक नाही. प्रत्येकानं एक कोरा कागद घ्यायचा आणि काल सकाळपासून आज सकाळपर्यंत आपण काय काय खाल्लं ते लिहायचं. चहासुद्धा. चोरून खाल्लेला गूळसुद्धा. आहाराचा अभ्यास करणारी मंडळी चोवीस तासांची आठवण विचारतात, तीच ही रीत. शिकवणाऱ्यानं आधी स्वतःचं ताट बघितल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटाविषयी बोलू नये, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

कागद गोळा करून वाचले तेव्हा मुलग्यांचे आणि मुलींचे कागद न सांगता ओळखू येत होते. मुलग्यांच्या कागदावर वरण होतं, एक-दोघांकडे अंडं होतं, एकाकडे बाजारच्या दिवसाचं सालन होतं. मुलींच्या कागदावर भाकरी, चटणी, चहा, पुन्हा भाकरी. सिस्टरांनी तेव्हा एक आकडा सांगितला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला लागतं ३० मिलिग्रॅम. म्हणजे बापाच्या दीडपट! कारण उघड आहे. वाढीचं वय, त्यात पाळी सुरू झालेली. मी विचारलं, “मग घरात आधी ताट कुणाचं वाढतात?” मुलगे एकमेकांकडे बघायला लागले. नववीतली एक मुलगी अगदी सहज म्हणाली, “चाचा, सगळ्यांचं झाल्यावर मी आणि आई बसतो. वरण उरलं तर उरलं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडला किंवा नाही पडला असं सांगावं तसं ती सांगत होती.

मंडळी, हा काही एका घराचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५७ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याच सर्वेक्षणात आमच्या परभणी जिल्ह्याविषयी दुसरा एक आकडा आहे. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्क्यांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. आज माझ्यासमोर बसून लहान लेकरांना शिकवायची तालीम करणारी मुलगी दोन-तीन वर्षांत कुणाच्या तरी घरी स्वयंपाकघर सांभाळत असेल, कदाचित पोटात बाळ असेल, आणि तेव्हाही ती सगळ्यांचं झाल्यावरच जेवायला बसत असेल. लग्नाचं वय वाढावं यासाठी जे करायचं ते करत राहिलंच पाहिजे. पण तोवर तिच्या हाती ही माहिती पडली, तर तिचा उपयोग पहिलीच्या पोरांना होवो न होवो, तिला स्वतःला होईल. म्हणून मी या तयारीला शिकवण्याइतकीच, किंबहुना थोडी जास्तच किंमत देतो.

आणि म्हणूनच या कामात मुलगे हवेतच. आहार म्हणजे मुलींचा विषय असं धरून बारा मुली गोळा केल्या, तर वरण उरण्या-न उरण्याचा प्रश्न जिथल्या तिथं राहतो. दोघांची जोडी करायची, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, आणि त्यांच्याकडे आठ-दहा लेकरं द्यायची. जोड्या लावताना थोडी कुजबुज झाली, घरच्यांनी विचारणा केली. अंगणवाडीताईंनी एकेका घरी जाऊन, उघड्या ओसरीवर, सगळ्यांसमोर हे चालणार आहे असं सांगितलं आणि विषय मिटला. लहान लेकरांच्या आयांनाही आधी विचारलं. न विचारता कुणाच्या लेकराला बसवायचं नाही, आणि कुणी मोबाइलवर फोटो काढायचा नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही गावात फिरलो. काय पिकतं, काय विकतं आणि काय फुकट उगवतं, अशा तीन याद्या करायच्या होत्या. तिसऱ्या यादीनं मुलांना चकित केलं. शेवगा, घोळ, पाथरी, बांधावरची अंबाडी, पावसाळ्यातला तरोटा, पुढे हरभरा आला की त्याचा पाला, करडईची कोवळी पानं. यातली निम्मी नावं शहरी तक्त्यावर कधी आली नाहीत. एका आजीनं मुलांना उभं करून पाथरी आणि तिच्यासारखं दिसणारं दुसरं तण यांतला फरक दाखवला. त्या वीस मिनिटांत मुलांना जे मिळालं ते देण्याची माझी तरी ऐपत नव्हती. ओळखल्याशिवाय कोणतंही पान तोंडात घालायचं नाही, हे मात्र आजीनं दरडावून सांगितलं, आणि ते आमच्या धड्यात तसंच्या तसं आलं.

दुकानातली यादी करायला दोघं गेले होते. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटावर निव्वळ वजन बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचायचं आणि त्याच दुकानातून पाच रुपयांचे फुटाणे तोलून घ्यायचे. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी ओतायचे. पाकिटातला ढीग आधी मोठा दिसतो, कारण तो फुगलेला असतो. तराजूत टाकला की पारडं फुटाण्यांकडे जातं. यावर भाषण करायची गरज नाही. तराजूच बोलतो.

मग प्रश्न आला शास्त्र किती सांगायचं. अन्नाचे तीन गट आपल्याकडे पूर्वीपासून शिकवतात. ताकद देणारं, अंग बांधणारं आणि आजारापासून राखणारं. अंगणवाडीत ‘तिरंगा आहार’ म्हणून रंगांवरून हेच सांगतात. तेवढं पुरे. पहिलीच्या लेकराला ‘प्रथिने’ हा शब्द देऊन काय करायचं? पण शिकवणाऱ्या मुलांना थोडं पुढचं माहीत असलं पाहिजे, कारण लहान पोरं ‘का?’ विचारतात. भाकरीबरोबर वरण का? कारण ज्वारीत अंग बांधायला लागणारं एक सामान कमी असतं आणि ते तुरीत, मुगात भरपूर असतं. तुरीत जे कमी ते ज्वारी भरून काढते. म्हणून दोघं एका ताटात आले की दोघांची किंमत वाढते. आपल्या आज्यांना हे लायसिन आणि मेथिओनिन यांची नावं न कळता कळलं होतं. पालेभाजीवर लिंबू का? कारण पाल्यातलं, डाळीतलं लोह शरीराला सहजासहजी उचलता येत नाही. लिंबाचा आंबटपणा, म्हणजे त्यातलं क जीवनसत्त्व, ते उचलायला मदत करतं. आणि चहा? चहातली तुरट द्रव्यं तेच लोह अडवून धरतात. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, असं आयुर्विज्ञान परिषदेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही म्हटलं आहे. ‘चहा सोडा’ असं आमच्या भागात सांगणं म्हणजे पावसाला येऊ नको म्हणण्यासारखं आहे. ‘चहा तासभर लांब ठेवा’ हे जमण्यासारखं आहे.

शाळेतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. पाच ते नऊ वर्षांच्या लेकरांची गोळी गुलाबी. कितीतरी मुली ही गोळी दप्तरात ठेवून देतात, कारण तिनं मळमळतं आणि शौचाला काळं होतं. उपाशीपोटी न घेता जेवल्यावर घेतली तर मळमळ कमी होते, काळं होणं नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढी दोन वाक्यं त्यांना कुणी नीट सांगितली नव्हती. सिस्टरांनी ती सांगितली आणि मुलींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. शिकवणाऱ्याला शिकवणं म्हणतात ते हे. जंतांचंही तसंच. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. गोळी का खायची, तर आपण वाढलेलं ताट दुसराच कुणी पोटात बसून खाऊ नये म्हणून. ही उपमा माझी नाही, आठवीतल्या पोराची आहे, आणि लहान लेकरांना ती फार आवडली.

आता भाषेकडे येतो, कारण माझं काम ते होतं. आमच्या गावात एकाच वर्गात तीन-चार बोलींची लेकरं बसतात. आमच्या घरात दखनी बोलतात. भाकरी म्हणजे ‘जवारी की रोटी’ आणि कालवण म्हणजे ‘सालन’. तांड्यावरून येणाऱ्या लेकराचे शब्द आणखी वेगळे. म्हणून प्रत्येक धान्याचं, भाजीचं नाव लेकरांनी आधी आपापल्या बोलीत सांगायचं, मग मराठीत म्हणायचं, असा क्रम ठेवला. ज्याच्या घरातला शब्द वर्गात उच्चारला जातो, त्याच्या घरातलं अन्नही वर्गात मान मिळवतं, असा माझा अनुभव आहे. मला मुलांनी गाणं लिहून मागितलं होतं. मी दिलं नाही. मोठ्यांनी लिहिलेली ‘भाज्या खा, निरोगी राहा’ छापाची गाणी मला सहन होत नाहीत आणि मुलांनाही होत नाहीत. ती बिचारी सभ्यपणे म्हणतात, एवढंच. त्याऐवजी कोडी करू या म्हटलं. कोडं करायला वस्तूकडे नीट बघावं लागतं. बरीच मोडतोड होऊन ज्वारीचं कोडं असं झालं: ‘उभा हिरवा गडी, डोक्याला मोत्यांचा तुरा; थापला की चंद्र होतो, फुगला की पुरा.’ वृत्तात थोडं लंगडतं, पण मी त्याला हात लावला नाही.

ज्वारीवर आम्ही एक अख्खी सकाळ ठेवली होती आणि ती कमी पडली. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ आला, रानात सोयाबीन आलं आणि ज्वारी ही जुन्या माणसांची गोष्ट होऊ लागली. त्यात परभणीचं कृषी विद्यापीठ आमच्या इतकं जवळ. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या सोबतीनं ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण तयार केलं आणि २०१८ मध्ये ते शेतकऱ्यांसाठी आलं. लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त असलेली, देशातली अशी पहिली ज्वारी. आपल्या जिल्ह्याचं नाव एका धान्याला आहे, हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. सफरचंदानं ते होत नाही.

सगळ्यात अवघड तयारी होती ती तोंड आवरण्याची. पंधराव्या वर्षी नवं काही कळलं की ते दुसऱ्याच्या डोक्यात मारायची घाई होते. तालमीत एक मुलगा लहान लेकराचं सोंग घेतलेल्या मित्राला म्हणाला, “तू रोज नुसती चटणी-भाकरी खातोस? म्हणून असा काडीसारखा झालास.” सगळे हसले. मी थांबवलं आणि विचारलं, हेच वाक्य खरोखरच्या लेकराला, चार जणांसमोर म्हटलं तर ते दुसऱ्या दिवशी येईल का? आणि घरी जाऊन आईला काय सांगेल? त्यातून आमचा एक नियम तयार झाला, मुलांच्याच शब्दांत: ताट विचारायचं, ताटावर बोट ठेवायचं नाही. चटणी-भाकरी खाणाऱ्याला ‘चटणी कशाची?’ असं विचारायचं. जवसाची असेल, शेंगदाण्याची असेल, तिळाची असेल, तर ते चांगलंच अन्न आहे. त्यात लिंबू पिळ, मुठीएवढी डाळ कधी घालता येईल ते बघ, एवढंच पुढचं पाऊल. जे आहे त्याच्या शेजारी काय ठेवता येईल, हे बोलायचं. काय नाही याची यादी वाचायची नाही.

या नियमाची दुसरी बाजू गावात फार नाजूक असते. आमच्या गावात माळकरी आहेत, मटण खाणारे आहेत, मासे-अंडी खाणारे आहेत, आणि कुणाच्या घरात काय शिजतं यावरून माणसाला खाली-वर लेखायची सवय अजून गेलेली नाही. मी ज्या समाजातून येतो त्याला तर हे चांगलंच ठाऊक आहे. कलेजीत लोह भरपूर असतं आणि ते शरीराला लवकर लागू पडतं, ही शास्त्राची गोष्ट आहे. ती जे खातात त्यांना सांगायची. अंड्याचंही तेच. न खाणाऱ्याला हरभरा, शेंगदाणे, दूध-ताक यांची वाट आहे. पण ‘शी’ हा शब्द वर्गात उच्चारायचा नाही, कुणी कुणाच्या डब्याकडे बघून नाक मुरडायचं नाही. शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आलं तेव्हा न खाणाऱ्यांना केळं ठेवलं होतं आणि लेकरं शेजारी शेजारी बसून दोन्ही खात होती. मोठ्यांच्या वादाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारचा वेगळा पैसा थांबला आणि लोकवर्गणीतून करा असं सांगण्यात आलं. गरीब गावानं लेकरांच्या अंड्यासाठी वर्गणी काढावी, हे मला काही पटलेलं नाही.

शाळेतल्या खिचडीचा हिशेबही मुलांना शिकवला. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. मुलांनी घरातून ते तोलून, वाटीत भरून आणलं. वीस ग्रॅम डाळ म्हणजे किती, हे हातावर घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. आपला हक्क किती आहे हे कळणं, हाही आहारशिक्षणाचाच भाग आहे. फक्त शाळेत जाऊन कुणाशी हुज्जत घालायची नाही, काही विचारायचं असेल तर ते मोठ्यांमार्फत, हे ठरलेलं होतं.

आणखी एक मर्यादा घालून दिली होती. मुलांनी वैद्य व्हायचं नाही. एखादं लेकरू सारखं मलूल असतं, पायावर सूज दिसते, हात फार बारीक आहे असं वाटतं, तर कुणापुढे बोलायचं नाही, ‘कुपोषित’ हा शब्द तर मुळीच नाही, सरळ अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी त्यांच्याकडे असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर लेकराला तातडीनं उपचार लागतात. ती पट्टी मुलांना दाखवली, हातात दिली नाही.

शेवटच्या संध्याकाळी रंगीत तालीम. प्रत्येक जोडीनं आपल्या वाट्याचा धडा घरी एका तरी भावंडाला शिकवून यायचा आणि काय झालं ते सांगायचं. हे फार उपयोगी पडलं. घरच्या प्रेक्षकासारखा कठोर प्रेक्षक नाही. एकीच्या चार वर्षांच्या भावानं नमुन्याला आणलेले शेंगदाणे धडा संपायच्या आत फस्त केले. त्यावरून धडा बारा मिनिटांच्या वर न्यायचा नाही आणि खाऊ शेवटी काढायचा, असं ठरलं. एका मुलाच्या दादीनं त्याला विचारलं, “तू इतना सिखाता, खुद रोटी थापके बता!” दुसऱ्या दिवशी तो हाताला चटके घेऊन आला. त्याची भाकरी गोल झाली नव्हती, पण त्यानंतर तो त्याच्या बहिणीच्या आधी जेवायला बसायला थोडा संकोचू लागला, असं त्याची बहीणच मला म्हणाली.

प्रत्यक्ष चार सकाळी कशा गेल्या, ते थोडक्यात सांगतो. लेकरांनी धान्यं ओळखली, कोडी घातली, हात धुतले, लिंबू पिळलेली भाजी खाल्ली आणि भरपूर गोंधळ घातला. परीक्षा घेतली नाही. रोज घरी जाऊन एक गोष्ट आईला सांगायची आणि आई काय म्हणाली ते उद्या सांगायचं, एवढाच अभ्यास. काही आया हसल्या, काही म्हणाल्या लिंबू काय झाडाला लागतात का आपल्या. एकीनं मात्र विचारपूस करायला थोरल्या मुलीलाच माझ्याकडे पाठवलं, निळ्या गोळीबद्दल. पंधरा दिवसांनी आम्ही त्या बारा जणांचे चोवीस तासांचे कागद पुन्हा भरून घेतले. सात मुलींपैकी चौघींच्या कागदावर वरण आलं होतं. तिघींच्या नाही. त्या तिघींच्या घरी आता अंगणवाडीताई जाणार आहेत. नुसत्या मुलीला सांगून तिथं भागणार नाही, सासू-सासरे, बाप, भाऊ सगळ्यांशी बोलावं लागेल.

पुढची तुकडी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवायची आहे आणि या वेळी नव्या मुलांना तयार करायचं काम जुन्यांपैकी चौघांकडे आहे. रमजानचा महिना आला तर संध्याकाळच्या तालमी दुपारवर न्याव्या लागतील, तेवढं पंचांग बघून ठरवू. धान्यांचा डबा सध्या अंगणवाडीच्या कपाटात आहे. तिळाला आणि जवसाला जाळी धरते, म्हणून महिन्यातून एकदा तो डबा उन्हात ठेवण्याचं काम आठवीतल्या दोन मुलग्यांनी मागून घेतलं आहे.